रादोय्का आणि लाल ग्राइंडर

रादोय्काच्या अंगठ्याबद्दल आमच्या पोझेगा गावात अजून बोलतात. कारखाना चालू होता तेव्हा ती टूलरूममध्ये ग्राइंडिंगच्या मशीनवर होती, सलग बत्तीस वर्षं. साच्याचा एखादा भाग घासून झाला की फोरमन मोजायचं उपकरण बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी रादोय्काला विचारा." ती डोळे मिटून अंगठा फिरवायची आणि सांगायची, इथे केसभर जास्त आहे. मग मोजलं की तेवढंच निघायचं. मी त्या कारखान्यात कधी कामाला नव्हतो, मी बस चालवायचो. पण कामगारांची पहिली पाळी माझ्याच बसमधून जायची, त्यामुळे त्या अंगठ्याच्या गोष्टी मी रोज सकाळी पावणेसहाला फुकटात ऐकल्या आहेत.

आता त्याच अंगठ्याला खिशातलं नाणं कुठलं आणि कोटाचं तुटलेलं बटण कुठलं हे कळत नाही. बत्तीस वर्षं थरथरणारं मशीन हातात धरलं की असं होतं म्हणे. थंडी पडली की तिची बोटं टोकापासून पांढरी होत जातात, मेणबत्तीसारखी, आणि मग तासभर ती कोणाचीच नसतात.

आमच्या इमारतींच्या मागे, नदीच्या बाजूला, गॅरेजांची एक लांब रांग आहे. नावालाच गॅरेजं. गाड्या बाहेर पावसात उभ्या असतात आणि आत आम्ही. मोमिरच्या गॅरेजात लोणच्याची पिंपं, चूल आणि चार बाकं आहेत. तो सैन्यात आचारी होता आणि निवृत्त झाल्याचं त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या गॅरेजात दोन खुर्च्या, एक रेडिओ आणि जुन्या बसचं इंजिन आहे, जे मी नऊ वर्षं दुरुस्त करतोय. आणि मधलं गॅरेज रादोय्काचं. रांगेत खरं काम होतं ते तेवढ्या एकाच ठिकाणी.

बुटकी, रुंद बाई. कारखान्याचा निळा डगला अजून घालते, चष्म्याला दोरी बांधलेली असते आणि केसांवर रुमाल. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, "करणार होते, पण ओव्हरटाइम लागला." जुन्या करवतींच्या पात्यांपासून ती स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बनवते, शिंपिणींच्या कात्र्यांना धार लावते, आणि नोव्हेंबरच्या शेवटी, जेव्हा आसपासच्या गावांत हिवाळ्यासाठी डुकरं कापतात, त्याआधीचे दोन महिने तिच्या दारात सुरे घेऊन आलेल्या लोकांची रांग असते. तिच्याकडे तेव्हा होतं ते मशीन तिनंच कपडे धुण्याच्या मशीनची मोटर काढून बनवलेलं. चालू केलं की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात ती डॉक्टरकडे जाऊन आली आणि माझ्या खुर्चीत येऊन बसली. ती माझ्याकडे सहसा बसायला येत नाही, म्हणून मी रेडिओ बंद केला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, गेलेलं परत येईल याची खात्री नाही. उरलेलं आहे ते या थरथरीनं नक्की जाईल." तिनं दोन्ही पंजे गुडघ्यांवर पालथे ठेवले होते. "म्हणाला, काम सोडा बाई. मालिका बघा."

"मग?"

"मग काय. मी त्याला म्हटलं, तुमची ती पट्ट्या कापायची कात्री बोथट झालीय, आणून द्या."

मी हसलो, ती हसली नाही. सोडायचं काम तिच्या डोक्यातच नव्हतं. तिला न थरथरणारं मशीन हवं होतं. चांगला बेल्ट ग्राइंडर, चाकांवर फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्याचा, ज्याच्यावर हात जड न करता पातं घासता येतं. असं मशीन मिळालं तर उरलेली बोटं वाचतील आणि दारातली रांगही राहील. नाहीतर दोन्हीपैकी एक जाणार, आणि तिच्या स्वभावानं ती बोटंच जाऊ देईल, हे मला ठाऊक होतं.

तिनं काय हवं ते अगदी थोडक्यात सांगितलं. बेल्ट दोन मीटरचा पाहिजे, लांब बेल्ट लवकर तापत नाही आणि पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरत नाही. वेग कमी करता आला पाहिजे, शिंगाची मूठ घासताना जळता कामा नये. बैठक जड पाहिजे. आणि चाकं खऱ्या गोलात कातलेली पाहिजेत, सगळी थरथर चाकातूनच येते. डोंगरात तिहोमिर म्हणून एक मिस्त्री आहे, तो अशी मशीनं एकेक करून घरीच बनवतो. तिनं त्याला फोन केला होता. तो म्हणाला, बनवून देतो, पण तीन महिने लागतील.

"तीन महिने," ती म्हणाली. "म्हणजे डुकरं संपल्यावर."

इथे मी तोंड उघडलं. माझा स्वभाव असा आहे की दुसऱ्याची अडचण दिसली की मला गप्प बसवत नाही, मग त्या विषयातलं काही कळो वा न कळो. बायपासवर हत्यारांचं एक नवं दुकान झालं होतं. तिथं काचेत एक बेल्ट ग्राइंडर मी बघितला होता. लालभडक, मानेला दिवा लावलेला, मोटर तीन अश्वशक्तीची. माझं सगळं आयुष्य इंजिनापुढे बसून गेलेलं, अश्वशक्तीचा आकडा ऐकला की पुढचं मला ऐकू येत नाही. मी आठ दिवस तिच्या मागे लागलो. तीन घोडे, रादोय्का. दिवा आहे, रादोय्का. लगेच मिळतंय, रादोय्का.

"चालवून दाखवतात का?"

"काचेतलं नुसतं दाखवायला आहे, विकायचं खोक्यात बंद आहे. पण नवीन आहे, नवीन वस्तू थरथरेल कशाला?"

शेवटी ती कंटाळली, की रांगेतल्या सुऱ्यांनी तिला भीड घातली, कोण जाणे. पैसे देताना तिनं चाक बघायला मागितलं, तर विक्रेता म्हणाला सील तोडता येणार नाही, पण चौदा दिवसांत परत घेऊ. मी माझ्या ट्रेलरवरून मशीन आणलं. वाटेत जो भेटेल त्याला ओरडून सांगितलं की रादोय्काला मशीन मी शोधून दिलं.

आता, आमच्याकडे नवी वस्तू आली की तिला पाजावं लागतं. गाडी असो, ट्रॅक्टर असो, शिवणयंत्र असो. पितात शेजारीच, पण नाव वस्तूचं. पाजल्याशिवाय वस्तू टिकत नाही, आणि हे आमच्या पशुवैद्यकालाही मान्य आहे. तो ऑक्टोबरातला शनिवार होता. सगळ्या रांगेत बायामाणसं हिवाळ्याच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजत होती, धूर होताच, निखारे होतेच. खोकं ट्रेलरवरून उतरायच्या आत मोमिरनं मांस जाळीवर टाकलं. प्लमची राकिया, म्हणजे घरी गाळलेली दारू आली, कायमाक, ती खारवलेली घट्ट साय आली, ब्लॉकमधले पंधरा जण आले. मशीन अजून खोक्यात होतं आणि त्याच्या दीर्घायुष्यासाठी आम्ही तिसऱ्यांदा पेले आपटत होतो. आधी चालवून बघावं, मग पाजावं, एवढी साधी गोष्ट पंधरा जणांपैकी एकालाही सुचली नाही. मला तर नाहीच.

चार वाजता कधीतरी ते बाकावर चढवलं आणि रादोय्कानं बटण दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं हातमोजा काढून मोटरवर तळवा ठेवला. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग हात काढून घेतला.

"मला काही कळत नाही," ती माझ्या कानाशी म्हणाली. "माझा हात आता साक्षीला चालत नाही. व्लास्ता, तू ठेव."

मी ठेवला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पहाटे डेपोत जुनी बस सुरू करायचो तेव्हा गिअरचा दांडा असा हातात नाचायचा. मी मागे बघितलं. मोमिर पेला उंच धरून उभा होता, तोंडात घास, डोळे माझ्यावर. सगळेच माझ्याकडे बघत होते, कारण मशीन मी शोधलं होतं.

"मांजर गुरगुरतंय नुसतं," मी म्हणालो.

"खरं?"

"अगं खरं."

"बरं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. तिला किती भीती वाटत होती ते मला तेव्हा दिसलं. तिनं पेला उचलला आणि माझ्या पेल्यावर आपटला.

पुढचे दिवस मी तिच्या गॅरेजासमोरून मान खाली घालून जायचो. ती खुशीत होती, मशीन भराभर काम करत होतं, ते मी नाकारत नाही; तीन घोडे होतेच. पण तिसऱ्या दिवशी मी बघितलं की बाकावर ठेवलेले स्क्रू आपोआप चालत कडेपर्यंत येतात आणि खाली पडतात. मी घरून बसच्या टायरचं रबर कापून आणलं आणि मशीनखाली चार तुकडे घातले. ती म्हणाली, "किती काळजी करतोस रे." मी शेवटचा तुकडा आणखी आत सारला. त्या रात्री माझी बायको रुझित्सा मला म्हणाली की तू जेवत नाहीस, म्हणजे तू काहीतरी केलंयस. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई एकदाही चुकलेली नाही.

अकराव्या दिवशी मी तिच्याकडे माझाच सुरा घेऊन गेलो. ती काम थांबवून माझ्याशी बोलत होती, हातात एक पातं उजेडाकडे धरून, की बघ, ही पाठ किती सरळ आली. आणि मला दिसलं की पात्यावरून लाल ओघळ तिच्या मनगटाकडे येतोय.

"रादोय्का, तुझं बोट."

"काय झालं बोटाला?"

तिनं बघितलं. बेल्टनं तिच्या तर्जनीच्या टोकाची कातडी सोलून नेली होती आणि तिला पत्ताच नव्हता. ती त्या बोटाकडे जरा वेळ बघत राहिली, दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखी. मग पातं आधी पुसलं आणि बोट नंतर.

मी पट्टी बांधली. बांधताना तिची बोटं मी पहिल्यांदाच नीट बघितली. ऑक्टोबर होता, अजून थंडी नव्हती, आणि तरी दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी.

"ते मशीन थरथरतं," मी म्हणालो.

"किती?"

"खूप."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी हात ठेवला तेव्हापासून."

तिनं चष्मा काढला, डगल्याला पुसला, परत घातला.

"तू किती वर्षं बस चालवलीस, व्लास्ता?"

"सदतीस."

"ब्रेक लागत नसला तर प्रवाशांना सांगायचास का, मांजर गुरगुरतंय म्हणून?"

"नाही."

"मग मलाच का?"

माझ्याकडे कारण होतं. जाळीवर मांस होतं, मोमिरनं पेला वर धरला होता आणि मी गावभर शेखी मिरवून आलो होतो. एवढंच. ते मी बोलून दाखवलं, कारण आणखी एक खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

"म्हणजे तुझ्या फुशारकीपुढे माझी बोटं स्वस्त पडली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी तिथंच उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसलो, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. ती माझी शेजारीण होती सव्वीस वर्षं. माझी आई गेली तेव्हा कबरीवरच्या क्रॉसचं लोखंड तिनं घासून दिलं होतं.

मी म्हणालो की अजून तीन दिवस आहेत, दुकान परत घेईल, मीच नेऊन देतो. तिनं मान हलवली.

"पाजलेलं परत देत नाहीत."

"अगं पण..."

"पंधरा माणसांनी त्याच्या नावानं खाल्लं. त्याच्या आयुष्यासाठी प्यायले. आता मी ते खोक्यात भरून परत पाठवू? उद्या दुसरं आणलं तर त्याला कोण पाजायला येईल? आणि आलं तरी ते टिकेल का?"

हसू नका. मीही हसलो नाही. वस्तूला पाजून माघारी धाडणं म्हणजे पाहुण्याला जेवू घालून लाथ मारणं. रादोय्का त्या लाल मशीनवर शेवटचं बोट जाईपर्यंत काम करेल पण परत करणार नाही, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. मी उठलो आणि मोमिरकडे गेलो. त्यालाही सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट.

मोमिरनं मला आधी दोन शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मग पिंपातली कोबी दाबायला लागला.

"पाजलेलं परत जात नाही, हे तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मेलेलं जातं."

"मेलेलं?"

"जन्माला आलं तेव्हा आपण प्यायलो. आता वारलं म्हणून पिऊ. मग ते गेलं, संपलं. प्रेत दुकानात पोचवलं तर कोण काय म्हणणार?"

मी त्या माणसाला याआधी कधीच हुशार म्हटलं नव्हतं. तेव्हा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुझित्सानं गहू उकडून, साखर आणि अक्रोड घालून आणले, मयताला करतात तसे. मोमिरनं गॅरेजाच्या दारावर काळी फीत लावली. तेच पंधरा जण आले, उलट दोन जास्त. रादोय्का म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना वेड लागलंय," पण डोक्यावरचा रंगीत रुमाल काढून तिनं काळा बांधला, तेव्हा मला कळलं की जमतंय. प्रत्येकानं चमचाभर गहू खाल्ले. पेले भरले, पण कोणी आपटले नाहीत. मयताच्या पेल्याला पेला लावत नाहीत. प्रत्येकानं आधी चार थेंब जमिनीवर सांडले.

"देव त्याला क्षमा करो," मोमिर म्हणाला. "गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. कोणाला चांगलं काही बोलायचंय?"

सगळे आपापल्या पेल्यात बघायला लागले.

"रंग चांगला होता," कोणीतरी म्हणालं.

"दिवा होता," रुझित्सा म्हणाली, माझ्याकडे बघत.

"व्लास्तावर त्याचा जीव होता," रादोय्का म्हणाली, आणि ती पहिल्यांदा हसली. मग सगळेच. त्या हसण्यात मी थोडा मोकळा झालो, पण पुरता नाही.

तेराव्या दिवशी मी ते दुकानात नेलं. विक्रेत्यानं विचारलं, काय बिघाड. मी म्हटलं, थरथरतं, हात ठेवून बघा. त्यानं हात ठेवला आणि लगेच काढला. मला त्याचा हेवा वाटला, किती सोपं होतं ते.

रादोय्कानं तिहोमिरला मशीनची ऑर्डर दिली. पण दारातल्या रांगेचं काय? एका बाजूला पंचवीस-तीस सुरे, दुसऱ्या बाजूला नोव्हेंबर, आणि तिला मोटर लावायची नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलेलं. तेव्हा तिनं पाणी लावून धार करायचे दोन दगड बाकावर ठेवले, एक खरखरीत, एक मऊ, आणि स्वतः माझ्याकडून आणलेल्या खुर्चीत बसली.

"चल," ती म्हणाली. "तुझं तोंड रिकामं आहे तसे हातही रिकामेच असतील."

पाच आठवडे मी आणि मोमिर तिच्या दगडांवर सुरे घासत होतो. सकाळी आठला हजर. मोमिर पंधरा दिवसांनी कंबर धरून पळाला, मी राहिलो. ती खुर्चीत बसून ऐकायची. होय, ऐकायची, पातं दगडावर कुठल्या कोनात आहे ते तिला आवाजावरून कळायचं. "वर उचललास. पुन्हा. बस चालवतोयस का? वळणावर हळू." संध्याकाळी माझे खांदे वेगळे काढून ठेवावेसे वाटायचे. रुझित्सा तेल चोळायची आणि म्हणायची, तिला म्हणावं, अजून जोरात घासायला लाव.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अंगठ्यावर. धार लागली की पात्याच्या कडेला धातूची एक बारीक किनार उलटते, दिसत नाही, फक्त अंगठा आडवा फिरवला की लागते. ती लागली की बाजू बदलायची. मला ती लागायचीच नाही. "लागतंय का?" "हो." "खोटं." "बरं, नाही." "मग नाही म्हण. नाही म्हणायला काय जातं तुझं?" असं दिवसातून वीसदा. एक दिवस, आम्ही कसायाचा मोठा सुरा घासत होतो, आणि अंगठ्याला काहीतरी लागलं, जेमतेम, पेपरच्या कडेसारखं. मी थांबलो. मला खात्री नव्हती म्हणून मी परत फिरवला.

"इथून इथपर्यंत आहे," मी म्हणालो. "पुढे टोकाला नाही."

तिनं पातं घेतलं, चष्मा नाकावर ओढून उजेडात तिरपं धरलं, बराच वेळ बघितलं.

"टोकाला नाही," ती म्हणाली. "बरोबर." आणि पातं परत देताना हळूच म्हणाली, "मला असंच लागायचं."

मी टोक घासायला घेतलं.

डिसेंबरात तिहोमिरनं मशीन आणून दिलं. कबूल केल्यापेक्षा तीन आठवडे आधी, कारण मी त्याला दर रविवारी फोन करायचो. आणि ते मशीन, देवा, काय कुरूप होतं. करडं, दिवा नाही, बैठक जुन्या कापणीयंत्राच्या ओतीव लोखंडाची, उचलायला आम्ही चौघे लागलो. मोटर दोन अश्वशक्तीचीसुद्धा नव्हती. रादोय्कानं बेल्ट काढून ठेवला आणि एकेक चाक बोटानं फिरवून सोडलं. पहिलं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि आवाज न करता थांबलं.

"कातलंय कोणी?"

"मीच, मावशी," तिहोमिर म्हणाला. चाळिशीचा माणूस, पण तिच्यापुढे शाळेत असल्यासारखा उभा होता. "तीनदा कातलं. दोनदा मनासारखं आलं नाही."

"हं," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पदक.

मशीन जमिनीत बोल्टनं आवळलं. थंडी कडाक्याची होती, तिनं दोन-दोन हातमोजे घातले होते. मोमिरनं जाळी बाहेर काढलीच होती आणि शेजारची मंडळी वासावर असल्यासारखी जमली होती. तिनं दारातूनच हात वर केला.

"आज मी सांगितल्याशिवाय कोणी काही पेटवायचं नाही."

मग तिनं राकियाचा एक पेला काठोकाठ भरला, इतका की वरचा थेंब फुगून उभा राहिला, आणि मोटरच्या पाठीवर ठेवला. बटण दाबलं. बेल्ट सुटला, नुसता सू असा आवाज आला. तिनं वेग वाढवला, मग कमी केला, मग पूर्ण केला. आम्ही सगळे वाकून पेल्याकडे बघत होतो. वरचा थेंब होता तिथेच होता.

"झालं तर मग," मोमिर म्हणाला आणि पेल्याकडे हात नेला. तिनं तो बाजूला सारला.

"व्लास्ता, इकडे ये."

मी पुढे झालो.

"हात ठेव."

"पेल्यानं सांगितलं की," मी म्हणालो.

"पेल्यानं सांगितलं. आता तू सांग."

मी हातमोजा काढला. लोखंड इतकं गार होतं की तळवा चिकटेल असं वाटलं. मी मोटरवर हात ठेवला, मग आडव्या दांड्यावर, मग बेल्टच्या मागच्या पट्टीवर, मग खाली बैठकीवर. मागे पंधरा माणसं उभी होती आणि मला एकदाही वळून बघावंसं वाटलं नाही. मी परत मोटरवर आलो आणि वाट बघितली.

"एक आहे," मी म्हणालो.

तिहोमिरचा चेहरा पडला. मोमिर पुटपुटला, आता याचं काय.

"काय आहे?" तिनं विचारलं.

"बेल्ट जिथे जोडलाय तो सांधा. फेरीला एक टिचकी येते, अगदी बारीक. बाकी काही नाही. सगळं शांत आहे."

"नक्की?"

"नक्की."

"सांधा असतोच," ती म्हणाली. "प्रत्येक बेल्टला असतो. काहीच लागत नाही म्हणाला असतास तर मशीन परत गेलं असतं आणि तूही."

तिनं एकावर एक घातलेले दोन्ही हातमोजे काढले आणि आपला पांढरा हात माझ्या हातावर ठेवला. तो लोखंडाइतकाच गार होता. तिला त्यातून काय लागत होतं, काही लागत होतं की नाही, मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. आम्ही तसेच उभे राहिलो, खालून मशीन चालत होतं आणि सांधा फेरीला एकदा टिचकी मारत होता.

मग तिनं मान वळवली आणि मोमिरला म्हणाली, "पेटव."